मागल्या दाराचा धनी

दिवस कलला, की लिंडेल होम्स या सरकारी वस्तीच्या मागल्या बाजूला खराटे फिरू लागत. सकाळी नव्हे, संध्याकाळी. परक्याने पाहिले असते तर म्हणाला असता, काय या बायकांची टापटीप! दिवसभर दुसऱ्यांच्या घरी धुणे धुवून, इस्त्र्या फिरवून, परक्यांची लेकरे न्हाऊमाखू घालून आलेल्या. तरी चुलीला हात लावण्याआधी पायऱ्या झाडतात! पण त्या पायऱ्यांवर कचरा नसे. त्या पायऱ्यांवर पावले असत. पांढरी पावले.

गावाबाहेर पांढऱ्या मातीच्या खाणी होत्या. जॉर्जियाच्या त्या पट्ट्यात जमीन वरून तांबडी आणि पोटात दुधासारखी. लिंडेलचे काळे पुरुष पहाटे खाणीत उतरत आणि दिवेलागणीला पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखे परतत: भुवया पांढऱ्या, मान पांढरी, बूट पांढरे. अंग धुतले की माती जाई. पण धुण्याआधी माणूस ज्या पायरीवर पाय देई, त्या पायरीवर आपला ठसा ठेवून जाई. आणि तो ठसा ओरडून सांगे, की या घरात पुरुष आहे.

तो काळच असा होता, की घरात पुरुष असता कामा नये. बाईला आणि तिच्या लेकरांना सरकार घर देई, दूधभाकरीला मदत देई. पण घरात धडधाकट पुरुष सापडला, की मदत बंद. त्या पुरुषाला खाणीत वर्षातले चार महिने काम आणि आठ महिने "बोलावू तेव्हा या" एवढेच मिळे, हे विचारायला कुणी येत नसे. तपासायला मात्र येत. तपासनीस बाई कपाट उघडी, पलंगाखाली वाके, न्हाणीत शिरून दाढीच्या साबणाचा वास घेई. म्हणून लिंडेलच्या बायकांनी नवऱ्याला घरात ठेवले, पण घराला त्याची खूण लागू दिली नाही. संसार केला आणि रोज संध्याकाळी तो झाडून टाकला.

त्या बायकांत ओझेला स्टॅनफील्ड सर्वांत निगुतीची. वीस-बावीस वर्षांची असताना ती कापसाच्या शेतावरून येथे आली, कडेवर एक, पोटात एक. तिचा नवरा थर्मन. त्याचा वस्तरा, साबण आणि रविवारचे बूट एका कापडी पिशवीत असत, आणि ती पिशवी मागल्या दाराबाहेरच्या खिळ्याला. पुढल्या दारावर अनोळखी थाप पडली, की क्षणात पिशवीही नाही आणि थर्मनही नाही. ओझेलाने आपल्या थोरलीला देवाचे नाव घ्यायला शिकवले ते नंतर, आधी शिकवले, "बाबा कुठं आहेत असं कुणी विचारलं, तर काय म्हणायचं? म्हणायचं, आम्हांला बाबा नाहीत." लेकरू ते गोड आवाजात म्हणे. मागल्या कुंपणाआड उभा असलेला बाप ते ऐके.

आणि रविवारी पाहावे! माउंट ओलिव्ह चर्चमध्ये थर्मन स्टॅनफील्ड दाराशी उभा. अंगात काळा कोट, हातांत शुभ्र मोजे. आल्यागेल्याला हात धरून जागा दाखवणे ही त्याची सेवा. कोण म्हातारी पंख्याखाली बसेल, कुणाची मुले भिंतीकडेला, सारे त्याच्या ध्यानी. देवाच्या दारात ज्याने सबंध गावाला जागा दाखवावी, त्याला सोमवारी स्वतःच्या घरात बसायला जागा नसावी! हे कोडे ओझेला दर रविवारी देवापुढे ठेवी, आणि दर सोमवारी खराटा हाती घेई.

पुढे न्यायालयाने तो नियम मोडला. पुरुष घरात असला तरी चालेल, असे ठरले. पण तोवर थर्मनची खाणीतली नोकरी कायम झाली होती. त्याचे नाव लावावे, तर त्याचा पगार मिळकतीत धरला जाणार आणि भाडे चढणार. मग त्याची छाती मातीने भरली, काम सुटले, भाड्याचे भयही सरले. तेव्हा नाव लावावे, तर विचारणार, इतकी वर्षे हा कुठे होता? पहिल्या वर्षी मदतीसाठी लपवले, पंधराव्या वर्षी भाड्यासाठी लपवले, आणि त्यानंतर, लपवले होते हे लपवण्यासाठी लपवले. केस पिकले, मुली उत्तरेत आपापल्या संसाराला लागल्या, तरी पिशवी खिळ्यालाच राहिली. थर्मन मागल्या दारानेच येई आणि मागल्या दारानेच जाई. पाय आताही पांढरेच असत. कारण लिंडेलमध्ये कुणा पोरीला दिवस गेले आणि पांढरी माती खाण्याचे डोहाळे लागले, की ती थर्मनकाकाला गाठे. तो जुन्या खाणीच्या कडेवरून स्वच्छ, वासाची, पावासारखी मऊ ढेकळे निवडून आणी. आणि म्हातारी ओझेला गुडघे धरत उठे आणि तीन पायऱ्या झाडी.

हेच तिने साऱ्यांना शिकवले होते. नवी पोर लिंडेलमध्ये राहायला आली, की ओझेला रताळ्याची पाई, म्हणजे गोड सारणाची भाजलेली पोळी, तिच्या घरी नेई आणि जाता जाता कानात सांगे, "बाळ, पुरुषाचं नाव कागदावर नको. कागद लक्षात ठेवतो." चर्चने तिला 'मदर' हा मान दिला होता तो भक्तीसाठी, पण लिंडेलच्या बायका तिला मदर म्हणत त्या या शहाणपणासाठीही.

*

आता घरे गळत होती. भिंतींना काळी बुरशी, न्हाणीत पाणी वर येई, थंडीत लोक ओव्हन उघडे ठेवून शेकत. सरकार म्हणे, दुरुस्तीला पैसा नाही. मग एके दिवशी नवीन योजना आली. भाडेकरूंच्या कमिटीची अध्यक्ष म्हणून ओझेलाने ती शेजारच्या शहरातल्या बैठकांना जाऊन समजून घेतली, आणि एका बुधवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात साऱ्या लिंडेलला समजावून सांगितली.

"ऐका," ती म्हणाली. "आजवर सरकारच आपलं घरमालक होतं. आता ती मालकी सरकार सोडतंय. एक खासगी कंपनी इमारती घेणार. जुन्या पाडणार, त्या जागी नवी उंच इमारत बांधणार."

"आणि आपल्याला?" मागून बर्डी ओरडली. बर्डी म्हणजे समोरच्या ओळीतली शेजारीण, ओझेलाची पन्नास वर्षांची मैत्रीण, जिची जीभ लिंडेलमधल्या कुठल्याही सुरीपेक्षा धारदार. "आपल्यालाही पाडणार का?"

"तुला पाडायला दोन यंत्रं लागतील, बर्डी. खाली बस." हशा पिकला. "आपण भाडं देणार तेवढंच, आपल्या मिळकतीच्या हिश्शानं. उरलेलं भाडं सरकार दर महिन्याला कंपनीला देणार. वीस वर्षांचा करार. त्या कराराकडे बघून बँक कंपनीला कर्ज देणार, आणि त्या कर्जातून बांधकाम."

"म्हणजे बँकेला सरकारचा शब्द चालतो," एक म्हातारा म्हणाला. "आपल्याला तर कधी चालला नाही."

"खरंय!" "सांगा, मदर, सांगा!"

"वीस वर्षं!" बर्डी बोटांवर मोजत म्हणाली. "म्हणजे मी मरेपर्यंत, आणि वर दोन-चार वर्षं उसनवार. माझं भूत भाडं भरेल."

पुन्हा हशा. पण हसण्याच्या पोटात भीती होती, आणि ओझेला ती ओळखत होती. आपण एकदा बाहेर पडलो, की परत येऊ देतील का? गरिबाला उठवणारे सारेच "थोडे दिवस" म्हणून उठवतात. म्हणून ती उभी राहिली. उपदेशकाला जशी लय सापडावी तशी तिला लय सापडली.

"मी त्यांना हाच प्रश्न विचारला. डोळ्यांत बघून विचारला. आणि मला शब्द मिळालाय, तोच मी तुम्हांला देते. ज्याचं नाव कागदावर आहे, तो परत येणार!"

"आमेन!"

"त्याची पुन्हा चौकशी नाही. त्याचं जुनं-पानं उकरणार नाहीत. ज्याचं नाव आहे, तो परत येणार!"

"आमेन, मदर!"

"तुफान येवो, पूर येवो, ज्याचं नाव आहे..."

"तो परत येणार!" सारे तळघर गर्जले. बायकांनी हात उंचावले. कुणी रडले. चर्चचे पाद्री रेव्हरंड हॉलिस यांनी पियानोवर दोन सूर घेतले.

थर्मन मागे, दाराशी उभा होता, सवयीने. त्यानेही "आमेन" म्हटले. ते ओझेलाने ऐकले आणि तिची लय तुटली. आपण काय बोललो? त्या गर्जनेत लिंडेलमधले सारे पुरुष, सारे नातू, तुरुंगातून सुटून आजीच्या सोफ्यावर झोपणारे सारे पोरगे, आपल्याच हद्दपारीला आमेन म्हणत होते. आणि त्यांना नाव नको हे शिकवणारीही तीच होती.

बाहेर पडताना शानीसने तिची बाही धरली. पहिलटकरीण पोर, सातवा महिना. "मदर," ती हळूच म्हणाली, "आणि ज्याचं नाव नाही तो?"

ओझेलाने तिचा हात थोपटला. "देव बघेल, बाळ," ती म्हणाली. जन्मभर हे वाक्य तिने श्रद्धेने उच्चारले होते. आज प्रथमच ते तिने पळवाट म्हणून वापरले, आणि हे तिचे तिला कळले.

*

कंपनीने नमुन्याचे घर दाखवायला लोकांना नेले. शेजारच्या शहरात तशीच एक इमारत उभी होती. कंपनीच्या वतीने मिस अडेअर नावाची तरुण बाई आली होती: काळीच, अटलांटात शिकलेली, आवाजाने मऊ, म्हाताऱ्यांना हात देऊन जिने चढवणारी. ओझेलाला ती आवडली. रागवायला सोपे माणूस समोर असते तर किती बरे झाले असते!

थर्मनही आला होता, 'चर्चमधला एक सद्गृहस्थ' म्हणून.

घर लख्ख होते. भिंती पांढऱ्या, नळाला हात लावताच गरम पाणी. न्हाणीत म्हाताऱ्यांना धरायला दांडा. ओझेलाने तो दांडा धरून पाहिला आणि तिचे डोळे भरून आले. आपले गुडघे कुणाच्या तरी हिशेबात होते!

थर्मन मात्र खोल्यांतून फिरत राहिला. स्वयंपाकघरात गेला, परत आला. झोपायच्या खोलीत गेला, परत आला. भिंतीवर बोटाने टकटक केले.

"काही हवंय का, सर?" मिस अडेअरने विचारले.

"मागचं दार कुठंय?"

ती हसली, प्रेमानेच. "मागचं दार नाही, सर. एकच दार. खाली कॅमेरा, प्रत्येकाला नावाची किल्ली. कोण आलं, कोण गेलं, सगळं कळतं. किती सुरक्षित, नाही का?"

"हो," थर्मन म्हणाला. "फार सुरक्षित."

बसमध्ये परतताना तो ओझेलाच्या शेजारी बसला नाही. ओळीपलीकडे, खिडकीशी बसला, पाहुण्याने बसावे तसा. सरावाने नव्हे, आज ते त्याने ठरवून केले, हे तिला त्याच्या मानेवरून कळले.

घरी आल्यावर त्याने बटरबीन्सची उसळ आणि मक्याचा कॉर्नब्रेड खाल्ला, ताट धुतले, आणि म्हणाला, "मी सँडर्सव्हिलला बहिणीच्या पोराकडं जातो. त्याच्या परसात एक चाकांवरचं फिरतं घर आहे, रिकामं. छप्पर बरं आहे म्हणे."

"आणि छातीत घरघर सुरू झाली, म्हणजे रात्री पाठ कोण चोळणार? ते छप्पर?"

"ओझी, तुझी खोली हुकली तर मी देवाला काय तोंड दाखवू? तो दांडा बघितलास ना न्हाणीतला? तुझ्यासाठीच लावलाय तो."

"दांडा काय, दांड्याशी लग्न लावलंय का मी?"

तो हसला, मग खोकला. "सांगायला लागलीस," तो म्हणाला, "तर म्हणतील, पन्नास वर्षं खोटं बोललीस. तुझंच नाव पुसतील. मग दोघंही त्या छपराखाली. एकजण आत, एकजण बाहेर, हेच बरं. आपल्याला सवय आहे."

"सवय!" ओझेलाने हातातला फडका टेबलावर आपटला. "त्या सवयीला आग लागो! तुझ्या लेकीला मी तोंडानं म्हणायला लावलं, आम्हांला बाप नाही. ती आता पन्नाशीची झाली, थर्मन. अजून तुला फोनवर 'बाबा' म्हणताना आधी थांबते. मी ऐकलंय ते थांबणं."

 त्यानेही ते ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी बर्डी आली. आली ती मागल्या दाराने, आणि बसली नाही.

"तुझ्या मनात काय चाललंय ते तुझ्या चेहऱ्यावर दिसतंय, ओझेला. म्हणून सांगायला आले. तोंड उघडू नकोस."

"मी फक्त माझ्या घराचं..."

"तुझ्या घराचं तुझ्या घरापुरतं राहील असं वाटतं तुला? अध्यक्षीणबाईनं कबूल केलं, की सगळ्या लिंडेलची झडती. माझा नातू येतो की झोपायला. त्याचं पोलिसांतलं रेकॉर्ड तुला माहीत आहे. तो गेला, की रस्त्यावर. रस्त्यावर गेला, की पुन्हा आत. शानीसच्या पोराचा बाप? पलीकडच्या विधवेचा भाऊ? तू पावित्र्याचा दिवा लावशील, मदर, आणि पेटतील आमची छपरं."

"मग मी त्याला सँडर्सव्हिलला पाठवू?"

बर्डीचा चेहरा क्षणभर उतरला. थर्मनने तिच्या नवऱ्याची शवपेटी खांद्यावर वाहिली होती. तरी ती म्हणाली, "आम्ही सगळ्यांनी कुणा ना कुणाला कुठं ना कुठं पाठवलंय, बाई. तुझी पाळी उशिरा आली, एवढंच." दारात ती थबकली. "हे तूच शिकवलंस मला. पाई घेऊन आली होतीस. अजून चव आहे जिभेवर."

त्या रात्री ओझेलाने प्रार्थनेला गुडघे टेकले, पण शब्द येईनात. देवापाशी काय मागावे? सत्य बोलायचे बळ? ते मिळाले तर बर्डीचा नातू रस्त्यावर. गप्प राहायचे बळ? ते तर जन्मभर मिळाले होते, आणि ते देवाने दिले की भयाने, हे तिला आता सांगता येईना. रडत रडत ती एवढेच म्हणत राहिली, "प्रभू, तू तरी त्याला ओळखतोस ना? तू तरी त्याला ओळखतोस?"

*

मिस अडेअर घरोघरी बसून एकेका कुटुंबाशी बोलत होती. ओझेलाकडे आली तेव्हा ओझेलाने गोड चहा केला, पाई कापली. स्वयंपाकघराच्या टेबलाशी दोघी बसल्या. मागल्या दाराला जाळी होती. जाळीपलीकडे पायरीवर थर्मन बसला होता, पाठमोरा.

"मदर स्टॅनफील्ड, सोपे प्रश्न आहेत," मिस अडेअर म्हणाली आणि मांडीवरचा टॅबलेट उघडला. "या घरात तुम्ही एकट्याच राहता. म्हणजे नव्या इमारतीत एका खोलीचं घर, चौथ्या मजल्यावर, नदीकडच्या बाजूला. बरोबर?"

ओझेलाने कपाकडे पाहिले. मग जाळीकडे पाहिले. त्या पाठीवरचा सदरा तिने स्वतः शिवला होता. वाकलेली ती पाठ, आणि श्वासागणिक वरखाली होणारे खांदे. पाठमोरा माणूस ऐकत नसतो, असे कोण म्हणेल? तो पन्नास वर्षे असाच पाठ फिरवून ऐकत आला होता.

"आम्ही दोघं राहतो," ती म्हणाली.

मिस अडेअरचे बोट थांबले. तिने जाळीकडे पाहिले, आणि नमुन्याच्या घरात मागचे दार विचारणारा म्हातारा तिला आठवला. तिने टॅबलेट पालथा ठेवला आणि ओझेलाच्या हातावर हात ठेवला.

"मदर," ती अगदी हळू म्हणाली, "मी ते ऐकलं नाही. कळलं का? माझी आजी अशाच घरात वाढली. मला माहीत आहे. तुम्ही काही बोलला नाहीत आणि मी काही ऐकलं नाही. मी प्रश्न पुन्हा विचारते. या घरात किती माणसं राहतात?"

दयाच होती ती. निखळ दया. आणि त्या दयेत ओझेलाला जुन्या तपासनीस बाईची पावले ऐकू आली. ती बाई शोधायला येई, ही वाचवायला आली होती. पण दोघींपुढे उत्तर एकच द्यायचे होते, की येथे कुणी नाही. छळणाऱ्यापुढे खोटे बोलणे तिला जमले होते. प्रेम करणाऱ्यापुढे तेच खोटे पुन्हा उच्चारायचे, तर मग ते खरेच होऊन बसेल!

बर्डीचा नातू तिच्या डोळ्यांपुढे आला. शानीसचे पोट आले. तिने ते दूर सारले नाही; दूर सारण्याचा तिला अधिकार नव्हता. ते सारे ओझे घेऊनच ती उठली, जाळीच्या दाराशी गेली.

"थर्मन!"

तो वळला.

"आत ये."

तो उठून मागल्या दाराशी आला. ओझेलाने जाळीची कडी आतून लावली. तो बघतच राहिला.

"इथनं नाही," ती म्हणाली. "पुढच्या दारानं ये."

 मग तो निघाला. त्या लांबलचक ओळीला वळसा घालायचा, म्हणजे सहा घरांची मागची अंगणे आणि सहा घरांची पुढची. छाती फुललेली, एक हात भिंतीला. सकाळीच तो शानीससाठी माती आणायला गेला होता. बूट पांढरे होते. खिडक्यांचे पडदे हलले. समोरच्या ओसरीत बर्डी उभी राहिली. सारे लिंडेल बघत होते, आणि थर्मन स्टॅनफील्ड भर दुपारी, स्वतःच्या घरी चालला होता.

थाप पडली. ओझेलाने दार उघडले.

"मिस अडेअर," ती म्हणाली, आणि आवाज चर्चमधल्यासारखा भरून आला, "हे माझे यजमान. आमचं लग्न माउंट ओलिव्हमध्ये लागलं. लिहा. आणि हेही लिहा, की लपवलं ते मी. बाकी लिंडेलचं मला काही माहीत नाही. माझ्या घराचं मला माहीत आहे."

शेवटचे वाक्य खोटे होते. सबंध लिंडेलचे तिला माहीत होते. पण तेवढे एक खोटे तिने इतरांसाठी हातचे ठेवले, आणि देवाला म्हणाली, हे माझ्या नावावर घाल.

मिस अडेअरच्या डोळ्यांत पाणी होते. "मग मला हे वर पाठवावं लागेल," ती म्हणाली. "यांची चौकशी नव्या माणसासारखी होईल. तुमचा परत यायचा हक्कसुद्धा... मी काही वचन देऊ शकत नाही, मदर. मी सांगत होते तुम्हांला. मी सांगत होते ना?"

"सांगत होतीस, बाळ. पाई खा. गार होतेय."

*

निकाल लवकर आला नाही. वरून आधी एक बाई आली, मग दोन पुरुष; ओझेलाला तेच तेच विचारून गेले. कमिटीचे अध्यक्षपद तिने सोडले. सोडले नसते तर काढून घेतलेच असते. चर्चमध्ये तिच्या बाकावर दोन्हीकडे जागा मोकळी राहू लागली. बर्डीचा नातू कुठेतरी निघून गेला. कुणी झडती घेतली म्हणून नव्हे, कुणी घेईल म्हणून. शानीसने मात्र एकदा थर्मनकाकाच्या हातून माती घेताना उघड्यावर त्याला मिठी मारली, आणि मग घाबरून इकडेतिकडे पाहिले. तिच्या पोराच्या बापाचे नाव तिने अजून लावले नव्हते. ओझेलाने तिला लाव असेही म्हटले नाही आणि नको असेही नाही. सल्ला द्यायची तिची जीभ आता जड झाली होती.

पहिल्या ओळीतली माणसे तात्पुरत्या घरांत हलू लागली. ट्रक येत, पलंग चढत. ओझेलाच्या दारावर अजून ना हो आले होते, ना नाही.

अशा एका संध्याकाळी थर्मन पुढल्या ओसरीवर बसला होता. तिने त्याला खुर्ची टाकून दिली होती. त्याला तेथे बसता येत नव्हते. हात कुठे ठेवावेत ते कळेना. रस्त्यावरून कुणी गेले, की अंग उठायला बघे. ओझेला शेजारी वाटाणे सोलत बसली. पिशवी आत, पलंगाच्या खुंटीला टांगलेली.

समोरच्या ओसरीतून, कित्येक दिवसांच्या अबोल्यानंतर, बर्डीचा आवाज आला. रस्ता ओलांडून, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"ए ओझेला! तो कोण परका पुरुष बसवलास दारात? लाज आहे का काही?"

थर्मनचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले. त्या आवाजात टोमणा होता, राग होता, आणि रागाखाली, फार खोल, पन्नास वर्षांची मैत्रीणही होती की नव्हती, ते ओझेलाला ओळखता आले नाही.

"नवरा आहे माझा!" तिने ओरडून सांगितले.

 बर्डी हसली नाही. मग वळून घरात गेली, आणि थोड्या वेळाने तिच्या घरामागून खराट्याचा आवाज येऊ लागला. तिच्या पायऱ्यांवर आता झाडायला कुणाची पावले होती, देव जाणे. मग पलीकडच्या घरामागून दुसरा खराटा. मग तिसरा.

ओझेलाचे गुडघे सवयीने उठू पाहत होते. तिने वाटाण्यांचे भांडे मांडीवर घट्ट धरले. तिच्या पुढल्या पायरीवर दोन पांढरी पावले उमटलेली होती, बोटे घराकडे. ट्रक कधी येईल आणि कुणाला नेईल, ते तिला ठाऊक नव्हते. अंधार पडेपर्यंत ती त्या पावलांकडे पाहत बसली, आणि घरांमागे खराटे चालूच होते.